टायर रबरी, मग विजेची भीती कशाला?

प्रश्न : मी न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला आहे. दरवर्षी ऑक्टोबरात आम्ही मित्र बाईकवरून मालवणला जातो. गेल्या खेपेला राजापूरच्या अलीकडे सड्यावर विजांच्या कडकडाटात सापडलो. मित्र म्हणाला, ‘‘थांबू नको, टायर रबरी आहेत, वीज आपल्यातून जमिनीत जाणारच नाही.’’ हे खरं आहे का? आणि खरं नसेल, तर मोटारीत बसलेला माणूस कसा वाचतो?
– एक वाचक, न्हावा शेवा

उत्तर : मित्राचं म्हणणं साफ चुकीचं आहे, पण ते इतक्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की जरा सविस्तरच सांगायला हवं.

हवासुद्धा विजेला अडवतेच. तरी ढगातून निघालेली वीज काही किलोमीटर हवा फोडून खाली येते. तिला रिम आणि रस्ता यांच्यामधलं चार-पाच बोटांचं अंतर काय अडवणार? शिवाय टायर काळा असतो तो रबरात मिसळलेल्या काजळीमुळे, आणि ही काजळी थोडीफार वीज वाहून नेते. त्यात टायर पावसानं निथळत असतो. रबरी बूट आणि रेनकोट यांच्या भरवशावरही राहू नका.

मोटारीतला माणूस वाचतो तो चाकांमुळे नव्हे, तर पत्र्यामुळे. वीज टपावर पडली की धातूच्या बाहेरच्या अंगानं पसरत खाली उतरते, आत शिरत नाही. १८३६ साली मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये खोलीएवढा पिंजरा उभारून त्याला तांब्याची तार आणि कथिलाचा वर्ख लावला. स्वतः आत जाऊन बसले आणि बाहेरून विजेचा जबर भार द्यायला लावला. आतल्या नाजूक उपकरणांना त्याचा पत्ताही लागला नाही. तुमच्या यार्डातला प्रत्येक बंद कंटेनर म्हणजे असाच पिंजरा. बाईकला मात्र ना टप ना दारं. मोकळ्या रस्त्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमचं डोकं.

आता ऑक्टोबरच का? जुलैत कोकणात पाऊस धो धो पडतो, दरडी कोसळतात, नद्या पात्र सोडतात, पण विजा त्या मानानं कमी. जमीन गार झालेली असते, त्यामुळे हवा जोरानं वर उसळत नाही. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात तसं नसतं. दुपारपर्यंत जमीन तापते, दमट हवा झपाट्यानं वर जाते आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. त्यांच्या पोटात बर्फाचे स्फटिक आणि बारीक गारा एकमेकांवर आपटतात, त्या घासाघाशीत विद्युतभार वेगळे होतात. हस्त-चित्रा नक्षत्रांचा पाऊस गडगडाट करत येतो तो यामुळेच. हा खेळ बहुतेक दुपारी उशिरा आणि संध्याकाळी चालतो.

तुमच्या वाटेवर अशा वेळी सापडू नये अशा दोन जागा आहेत. उरण-पेण भागातला खारपाट आणि मिठागरांचा पट्टा ही एक. रत्नागिरी-राजापूरकडचे सडे ही दुसरी. दोन्हीकडे सपाट, उघडं रान आणि आडोसा नाही.

चमक आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजून त्यांना तीननं भागलं की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे दहा किलोमीटरच्या आत, तर आडोसा गाठायचा. पण बाईकवाल्याची अडचण अशी की हेल्मेट, इंजिन आणि वारा यांच्या आवाजात लांबचा गडगडाट ऐकूच येत नाही. ऐकू येतो तेव्हा ढग डोक्यावर असतो. म्हणून समोर आभाळ काळंकुट्ट दिसलं की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि कान द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आसपासच्या विजांची आगाऊ सूचना देतं. ते फोनमध्ये असू द्या.

थांबायचं कुठं? पक्क्या इमारतीत. ते नाही जमलं तर काचा लावलेल्या मोटारीत, एसटीत किंवा एखाद्या ट्रेलरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये. ड्रायव्हर हाक मारल्यावर नाही म्हणत नाहीत. केबिनमध्ये उघड्या धातूला हात लावू नका. ट्रेलरच्या बाहेर, कंटेनरला टेकून उभं राहणं मात्र धोक्याचं. चहाची टपरी, भोवती उघडी असलेली शेड आणि झाड यांपैकी काहीच कामाचं नाही. झाडावर पडलेली वीज बाजूच्या माणसावर उडी घेते, शिवाय मुळाशी जमिनीत पसरते. दोन पायांमध्ये जितकं अंतर, तितका विजेच्या दाबात फरक. झाडाखालची चार पायांची गुरं एकदम दगावतात ती बऱ्याचदा यामुळे. काहीच आडोसा नसेल तर बाईकपासून दूर जा, एकमेकांतही अंतर ठेवा, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

कुणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका. अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

खरा उपाय वेळापत्रकाचा आहे. सकाळी आठला न्हावा शेवा सोडलंत, तर पळस्पे, पेण, महाड, कशेडी करत सड्यांवर पोचेपर्यंत नेमकी चारची वेळ होते. त्यापेक्षा सावकाश निघा, चिपळूणला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी काढा. आभाळ भरायच्या आत राजापूर मागे पडलेलं असेल.