‘मीच’ आणि कोश : नातलगाने लिहिलेल्या चरित्रनोंदीचा प्रश्न

चरित्रनोंद ही चरित्रापेक्षा आकाराने लहान, पण अधिकाराने मोठी असते. चरित्राचा वाचक लेखकाचे नाव पाहून त्याच्या म्हणण्याची किंमत ठरवितो. कोश उघडणारा मात्र ‘कोशात असे दिले आहे’ एवढेच ध्यानात ठेवतो. अशी नोंद चरित्रनायकाच्या पुत्राने, सुनेने वा नातीने लिहिली असेल, तर तिच्याकडे कसे पाहावे, हा प्रश्न महाजालावरील खुल्या कोशांमुळे आज प्रत्येक घरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

प्रश्न मात्र जुना आहे. पालघर परिसराच्या अभ्यासकाला तो ‘महिकावतीच्या बखरी’तच भेटतो. वि. का. राजवाडे यांनी ही बखर १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. ती एकहाती नसून निरनिराळ्या काळी निरनिराळ्या लेखकांनी रचलेली प्रकरणे तीत एकत्र आली आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. बखरीत उत्तर कोकणातील राजवटींबरोबर कुळे, गोत्रे आणि वंश यांचाही तपशील येतो. आणि ज्यांच्या कुळांचा तो तपशील, त्यांनाच त्यात गोडी होती. एवढ्यावरून बखर टाकाऊ ठरत नाही. कोणी, कोणासाठी, केव्हा लिहिले हे वेगळे करता आले, की पक्षपातसुद्धा पुराव्याचे काम करू लागतो. नातलगाच्या लेखनाविषयीची अडचण त्याच्या जिव्हाळ्यात नाही. तो जिव्हाळा झाकला जाण्यात आहे.

या दृष्टीने शीलवती केतकर यांच्या ‘मीच हे सांगितले पाहिजे’ (१९६९) या आठवणींचे शीर्षक फार बोलके वाटते. ज्यांनी तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ सिद्ध केला, त्या डॉ. श्री. व्यं. केतकरांविषयी त्यांची पत्नी लिहिते आहे. शीर्षकातील ‘मीच’ या शब्दाने लेखिका आपले नाते, आपला अधिकार आणि आपली मर्यादा एकदमच जाहीर करते. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथातील ‘आमच्या’ हेच काम अधिक मृदूपणे करतो. स्मृतिलेखनाला हे सर्वनाम शोभते. कोशाच्या नोंदीत त्याला जागाच नसते. म्हणून नातलग जेव्हा कोशात लिहितो, तेव्हा मजकुरातून ‘मीच’ गळतो, पण दृष्टी तीच राहते.

मराठी विश्वकोशाने नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव देऊन हा प्रश्न बराचसा सोडविला. मराठी विकिपीडियात (प्रारंभ १ मे २००३) नोंदीखाली नाव नसते. प्रत्येक बदलाचा इतिहास मात्र उघडा असतो. तो इतिहास वाचण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना नाही, ही गोष्ट वेगळी. आपल्या आप्तांविषयीच्या नोंदी स्वतः बदलू नयेत, नाते जाहीर करून चर्चापानावर बदल सुचवावा, असा विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीत संकेत आहे. या मोहातून संस्थापकही सुटले नाहीत. जिमी वेल्स यांनी स्वतःवरील नोंदीत, विशेषतः लॅरी सँगर यांच्या सहसंस्थापकत्वाच्या उल्लेखांत, फेरबदल केल्याचे २००५ मध्ये उघडकीस आले आणि त्यांना खेद व्यक्त करावा लागला.

आडनावावरून नाते ओळखू येईल, या भरवशावरही राहता येत नाही. राऊत, चुरी, पाटील, सावे ही आडनावे आमच्या भागात गावेच्या गावे वापरतात. उलट मुलीच्या मुलांचे आडनाव आजोबांच्या आडनावाशी जुळत नाही.

समजा, बोईसरच्या एखाद्या विद्यार्थिनीला आपल्या आजोबांवर नोंद लिहावयाची आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या मोर्चात आजोबा होते, असे घरात सांगतात. घरी १९७२ चा ताम्रपट आहे, छापील उल्लेख कोठेही नाही. तिने लिहिले, तर पडताळता न येणारे विधान कोशात शिरते. न लिहिले, तर जाणणारे शेवटचे माणूस गेल्यावर ती हकीकत संपते. हुतात्म्यांच्या स्मारकावर मोर्चात चालून घरी परतलेल्यांची नावे नसतात. येथे नियम बरोबर आहे आणि हानीही खरी आहे.

भाषाही तिच्याविरुद्ध जाते. नातीच्या लेखणीतून आजोबांसाठी एकवचन उतरणे कठीण. आदरार्थी बहुवचनामागून ‘थोर’, ‘निःस्वार्थी’, ‘झुंजार’ ही विशेषणे आपोआप चालत येतात. विश्वकोशातील नोंदींचा क्रियापदविरहित आरंभ—नाव, कंसातील जन्म-मृत्यूच्या तारखा, मग केवळ ओळख—या ओढीला काही अंशी आवर घालतो. वर्गात असा आरंभ लिहून घेण्याचा सराव उपयोगी पडेल.

तिच्यासमोरचा मार्ग मात्र कोशाबाहेरून जातो. आजोबांच्या आठवणी, त्या कोणी, केव्हा, कोणासमक्ष सांगितल्या याच्या तपशिलासह, तिने स्वतःच्या नावाने आणि ‘मी त्यांची नात’ असे स्पष्ट लिहून एखाद्या नियतकालिकात प्रसिद्ध कराव्यात. ताम्रपटाची छायाप्रत जोडावी. पुढे नोंद करावयाची की नाही, आणि त्या आठवणींतील किती भाग ग्राह्य धरावयाचा, हे तिच्याशी नाते नसलेल्या संपादकाने ठरवावे. तो कदाचित एकच ओळ घेईल.