आधी कोरडं पूस, मग पाना उचल

अगं, जलशुद्धीकरणाच्या व्हॅनवर तुझी नेमणूक झाली हे कळलं, तेव्हापासून ठरवलं होतं की तू निघायच्या आधी तुझ्याशी निवांत बोलायचं. पंप कसा चालू करायचा, वाळूच्या फिल्टरला बॅकवॉश कधी द्यायचा, यूव्हीचा दिवा कधी बदलायचा, हे सगळं तुला ट्रेनिंगमध्ये सांगतीलच. सांधे का गळतात, हे मात्र कुणी धड सांगत नाही. आणि पुराच्या गावात पोचल्यावर तुझी पहिली गाठ पडते ती या सांध्यांशीच.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा आणि कृष्णा पात्राबाहेर आल्या. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा वेळी गावची पाणीयोजनाच आधी आडवी होते. जॅकवेलच्या मोटारी बुडतात, वीज जाते, विहिरींत गटाराचं पाणी मिसळतं. मग चाकांवरची यंत्रणाच गावाजवळ न्यावी लागते. भावनगरच्या मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेने तर बसमध्येच आरओ बसवला, आणि 2009 च्या आयला वादळानंतर त्यांची गाडी बंगालमध्ये लोकांना गोडं पाणी देत होती. तुझी व्हॅन त्यापेक्षा लहान असेल, पण काम तेच.

आता गाडीतली पाइपलाइन इतकी का गळते, ते बघ. इमारतीतला पाइप एकदा भिंतीत बसला की जागचा हलत नाही. गाडीतला पाइप मात्र प्रत्येक खड्ड्यात हादरतो. हजार लिटरची टाकी भरलेली असेल तर एक टन पाणी आत हेलकावे खातं. त्यात पंप आणि जनरेटर दिवसभर थरथरतात. हा सगळा मार शेवटी सांध्यावर येतो. म्हणून गाडीतला सांधा गळू लागला की 'कमी आवळला असेल' हा विचार आधी डोक्यातून काढ. तो बहुतेक वेळा हादऱ्याने ढिला झालेला असतो, तिरका ताणलेला असतो, नाहीतर आधीच कुणीतरी जास्त आवळून तडकवलेला असतो. तिन्ही वेळी आणखी जोर लावला तर नुकसानच.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या आसपास पाणी. तेवढं गेलं तर गेलं, असं कुणी म्हणेल. त्याचं ऐकू नकोस. ज्या फटीतून पाणी बाहेर येतं, त्याच फटीतून ते आतही जातं. पंप बंद झाला की वरच्या टाकीतून खाली सोडलेल्या होजमधलं पाणी उतरू लागतं, मागे लाइनमध्ये ओढ तयार होते, आणि सांध्याभोवती साचलेली घाण आत खेचली जाते. फिल्टर, यूएफचा पडदा, यूव्ही या सगळ्यांतून गेलेलं पाणी शेवटच्या एका ढिल्या सांध्यावर पुन्हा नासतं. म्हणून शुद्ध पाण्याच्या बाजूची गळती, मग ती कितीही बारीक असो, दिसली की वाटप थांबव. कच्च्या पाण्याच्या बाजूचं ठिबकणं एखादा तास थांबू शकतं, हे नाही.

आणि एक गळती अशी असते की ती दिसतच नाही. पंपाच्या आधीच्या, म्हणजे सक्शनच्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. तिथला सांधा ढिला असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत शिरते. पंप हवा धरतो, आवाज बदलतो, गेजचा काटा थरथरत राहतो, पाणी तुटक येतं. लोक मग पंपालाच दोष देतात आणि पुन्हा पुन्हा प्रायमिंग करत बसतात. तू तसं करू नकोस. पंप चालू ठेवून सक्शनच्या एकेका सांध्यावर साबणाचा फेस लाव. ज्या ठिकाणी फेस आत ओढला जातो आणि त्याच क्षणी पंपाचा आवाज सुधारतो, तो तुझा सांधा. सक्शनच्या होजमध्ये हातभर पारदर्शक तुकडा घालून घे, म्हणजे बुडबुडे डोळ्यांनी दिसतील. आणि सक्शनच्या होजला एका ठिकाणी दोन क्लिपा लाव, त्यांचे स्क्रू समोरासमोरच्या बाजूंना ठेव.

दाबाच्या बाजूची गळती शोधताना घाई तेवढी टाळ. पाणी पाइपच्या पोटावरून घरंगळत जातं आणि भलत्याच सांध्यावरून टपकतं. आधी पंप बंद कर, सगळी लाइन सुक्या फडक्याने पूस, प्रत्येक सांध्याभोवती टिश्यूची पट्टी गुंडाळ, मग पंप सुरू कर आणि वरून खाली बघत ये. जी पट्टी पहिली भिजेल, तोच सांधा. पावसाळी हवेत गार पाण्याच्या पाइपला घामही सुटतो. सगळा पाइप सारखाच ओला होत असेल तर तो घाम समज, एकाच रेषेने ओल उतरत असेल तर गळती.

पान्याला हात लावण्याआधी दोन गोष्टी कधी चुकवू नकोस. पहिली, गेजचा काटा शून्यावर आला पाहिजे. एक बार म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. आरओच्या लाइनमध्ये तो दहा बारच्या पुढेही असतो, आणि अशा लाइनचा सांधा चालू असताना सैल केला तर फिटिंग सुटून तोंडावर येतं. दुसरी, यूव्हीच्या नळीजवळ काम असेल तर वीज आधी तोड. तिथे काचेच्या नळीच्या टोकाला असलेली रिंग गळू लागली की पाणी थेट दिव्याच्या कनेक्शनवर जातं.

आता आट्यांचा सांधा. तो नीट उघड, जुनी टेप ब्रशने पूर्ण काढ, आटे बोटाने चाचपून बघ. बाहेरचे आटे असलेलं टोक तुझ्याकडे धर आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, आट्यांत बसवत गुंडाळ. उलटी गुंडाळलीस तर फिटिंग आवळताना तीच सुटत जाते. पातळ टेप असेल तर सहा-सात वेढे, जाड असेल तर तीन-चार. टोकाचा पहिला आटा मोकळा सोड, नाहीतर टेपचा धागा आत जाऊन डोसिंग पंपाच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये अडकतो. हाताने बसेल तितकं बसव, मग पान्याने एक ते दीड फेरा. एल्बोचं तोंड हवं त्या दिशेला आलं नाही म्हणून तो उलटा फिरवलास, की टेप आत तुटलीच समज. तेव्हा तो पूर्ण उघड, नवी टेप लाव, परत बसव. दोन मिनिटं जातील, पण सांधा टिकेल. सफेदा आणि सुतळी पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर नको. आणि युनियन, कॅमलॉक, पुश-फिट यांना टेप लावायचीच नाही. त्यांचं पाणी आटे अडवत नाहीत, आतली रिंग अडवते. टेपचा जाड थर तिथे रिंगला बसूच देत नाही.

प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत लोखंडी किंवा पितळी निपल कधी घालू नकोस. धातूचं टोक पाचरीसारखं आत घुसतं, प्लास्टिक तडकतं, आणि तडा आधी केसाएवढा असतो म्हणून लक्षातही येत नाही. ब्रासचे आटे घातलेला एफटीए, म्हणजे आतल्या आट्यांचा अ‍ॅडॉप्टर, मिळतो, तो वापर. आणि परदेशी बनावटीचा एखादा पंप किंवा फिल्टर गाडीत असेल तर आटे आधी ताडून बघ. आपल्याकडे बीएसपी चालतं, अमेरिकी मालाला एनपीटी असतं. अर्ध्या इंचाच्या फिटिंगला दोन्हींत इंचाला 14 च आटे, त्यामुळे ते एकमेकांत फिरतातही, पण आट्यांचा कोन एकाचा 55 अंश, दुसऱ्याचा 60. कितीही टेप लाव, तो सांधा कधीतरी गळणारच. त्यावर योग्य अ‍ॅडॉप्टर हाच इलाज.

रिंगचं गणित तुला कुकरवरून चटकन कळेल. रिंग कडक झाली की झाकण कितीही दाब, वाफ बाजूनेच निघते. फिल्टर हाउसिंगचंही तसंच. काडतूस बदलताना रिंग काढून बोटात वाकवून बघ. बारीक भेगा दिसल्या, चपटी झाली असली की बदल. खोबणीत वाळूचा एक कण राहिला तरी तिथून पाणी येतं. रिंगला फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस लाव, व्हॅसलिन किंवा गाडीचं ग्रीस नको, कारण खनिज तेलाने ईपीडीएम रबर फुगतं. हाउसिंग हाताने आवळायचं. त्याचा पाना उघडण्यापुरता.

पुश-फिटची नळी कात्रीने किंवा पक्कडीने कापलीस तर ती चपटी होते आणि टोक तिरकं येतं. त्यासाठी नळी कापायचा छोटा कटर खिशात ठेव. गळत असेल तर दाब काढ, फिटिंगच्या तोंडाची रिंगणी दाबून नळी बाहेर ओढ, ओरखडलेलं टोक कापून टाक, आणि आतला थांबा लागेपर्यंत सरळ खुपस. मग ओढून बघ आणि लॉकची क्लिप घाल.

सोल्युशनने चिकटवायचा सांधा पावसात शेवटचा उपाय समज. पाइपात पाण्याची ओल राहिली तर तो धरत नाही, आणि लावल्या लावल्या दाब दिला तर सुटतो. त्यापेक्षा जिथे पाइप तुटण्याची शक्यता आहे तिथे निघण्याआधीच युनियन बसवून घे. ओल्या पाइपवर चोपडलेलं एम-सीलही टिकत नाही. कच्च्या पाण्याच्या बाजूला अडल्या वेळी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधलीस तर चालेल. शुद्ध बाजूला असला तात्पुरता इलाज नको.

एवढं करूनही तोच सांधा पुन्हा गळत असेल, तर दोष सांध्यात नाही, त्याच्या आधारात आहे. पंप आणि कडक पाइप यांच्यामध्ये लवचीक होजचा तुकडा आहे का, बघ. पाइपला दोन्ही बाजूंनी रबर लावलेले क्लॅम्प आहेत का? जड व्हॉल्व्ह नुसता पाइपवर लोंबकळतोय का? पंपाखाली रबरी पॅड आहेत का? व्हॉल्व्ह झटक्यात बंद करायची सवय कुणाला असेल तर तीही मोड. त्या धक्क्याने सांधे हलतात. गाडी मुक्कामाला पोचली की पंप सुरू करण्याआधी सगळ्या सांध्यांवरून एकदा हात फिरवायचा, हा नेम कर. नवीन सांधा केला की पाइप आणि फिटिंग दोन्हींवर मार्करने एक रेघ ओढ. रेघ तुटलेली दिसली की फिटिंग फिरलं, हे न चाचपताच कळतं.

आता एक मनातलं सांगते. तू पाना हातात घेतलास की कुणीतरी पुढे येणार आणि म्हणणार, "ताई, तुम्ही सरका, आम्ही बघतो." मदतीची भावना खरी असते, पण हात जड असतो, आणि प्लास्टिकचं फिटिंग असल्या हाताखाली टिकत नाही. तेव्हा ठामपणे, न चिडता सांग, "दादा, याला मी बघते, तुम्ही रांगेला हंडे लावून घ्या." समोर दोनशे माणसं ताटकळत असतील, लहान मुलं रडत असतील. तुझ्यावर दडपण येईल. तरी अर्धवट सांध्यावर पाणी सोडू नकोस. आयांनी ते पाणी विश्वासाने बाळाच्या तोंडाला लावायचं असतं.

म्हणूनच दुरुस्ती झाली म्हणजे काम संपलं असं नाही. शुद्ध बाजूचा सांधा उघडला असेल तर त्या पुढच्या लाइनमध्ये क्लोरीनचं पाणी भरून अर्धा तास उभं ठेव, मग ते टाकून दे. आरओच्या पडद्याआधी मात्र क्लोरीन कधी सोडू नकोस, तो पडदा क्लोरीनने खराब होतो. डोस नेहमी आरओच्या नंतर. शेवटी वाटपाच्या नळाला शिल्लक क्लोरीनची ओटी टेस्ट घे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिल्लक क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम सांगितलं आहे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान 0.5. पूर हा असाच काळ. हायपोच्या, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाच्या, डोसिंगच्या सांध्यावर पांढरी पापडी दिसली तर तीही गळतीच. हातमोजे घाल, साध्या पाण्याने धू, आणि तिथे अ‍ॅसिड कधीही वापरू नकोस, विषारी वायू सुटतो.

निघताना एक डबा भर: टेपची पाच-सहा रिळं, प्रत्येक हाउसिंगच्या दोन-दोन रिंगा, कॅमलॉकचे वायसर, स्टीलच्या होज क्लिपा, दोन मापांचे युनियन, ब्रासचे एफटीए, नळीचा कटर, सिलिकॉन ग्रीस, मार्कर, सुकी फडकी, बॅटरी. डब्याच्या झाकणावर आतून यादी चिकटव, आणि वापरलं ते त्याच संध्याकाळी भरून ठेव. पूरग्रस्त गावात हार्डवेअरचं दुकान उघडं सापडत नाही.

आणि गाडी सोडताना पुढच्या माणसासाठी वहीत लिहून ठेव, कोणता सांधा गळला, का गळला, काय केलं. पाणी कुणी दिलं हे गाव कदाचित विसरेल, पण ते पाणी पिऊन कुणी आजारी पडलं नाही, एवढं तुझ्या हातून झालं पाहिजे.