छातीतली धडधड आणि घरातला थोरला मुलगा

वीस ते तीस या वयातील मुले पूर्वी दवाखान्यात फारशी दिसत नसत. ताप आला, विंचू चावला, मोटारसायकलवरून पडले तर येत. आता दर आठवड्याला दोन-तीन तरी येतात आणि तक्रारी ठरलेल्या असतात. छातीत धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायाला मुंग्या येतात, जेवण जात नाही, रात्री दोनला जाग येते ती येतेच. तपासावे तर नाडी थोडी जलद, बाकी सगळे ठीक. बरोबर आलेले वडील लगेच म्हणतात, ‘काही नाही ना डॉक्टरसाहेब? मग उगंच थेरं करतंय.’

येथेच गफलत होते. ‘हृदयाला काही नाही’ आणि ‘काही नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलगा थेरं करीत नसतो. त्याचे हृदय खरोखरच धडधडत असते.

कंधारकडच्या एका मुलाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय सव्वीस, मराठी घेऊन एम. ए., एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवतो. बातमी छापून येते, मानधन नियमित येत नाही. दोन दिवाळी अंकांत कथा आल्या, त्याचे गावाला कौतुक आणि घराला काळजी. सकाळी शिकवण्या, दुपारी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके, रात्री लेखन. धाकटा भाऊ लातूरला ‘नीट’च्या तयारीसाठी ठेवलेला. त्याच्या खोलीचे आणि मेसचे पैसे थोरल्याच्या शिकवण्यांतून जातात. बहिणीचे लग्न ठरायचे आहे. तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन, आणि पीककर्ज. सहा महिन्यांत एक ओळ लिहिली नाही, असे त्याने मला आवाज खाली करून सांगितले. जणू उलटीतून रक्त पडले असे सांगावे तसे.

तोवर नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये तीन वेळा ईसीजी आणि एकदा टूडी एको झाला होता. सगळे नॉर्मल. तरी कोणीतरी ‘एकदा अँजिओग्राफी करून टाका’ म्हणाले होते आणि वडिलांनी त्यासाठी एक एकर गहाण टाकायची बोलणी लावली होती. शिवाय एका मित्राने दिलेली झोपेची गोळी तो अडीच महिने रोज घेत होता.

आता शरीरात काय होते ते पाहू. समोर साप दिसला की मेंदू विचार करीत बसत नाही. मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात सुटते. हृदय जोराने चालते, श्वास वाढतो, तोंड कोरडे पडते, घाम फुटतो, पोटात गोळा येतो. पळायला किंवा काठी उचलायला ही तयारी उत्तम. अडचण अशी की ही यंत्रणा साप आणि बँकेची नोटीस यांत फरक करीत नाही. निकाल लांबला, संपादकाचे उत्तर आले नाही, भावाच्या मेसचा फोन आला. तयारी तीच होते. मात्र पळायचे कुठे आणि काठी कोणावर उचलायची? माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि अंगात शर्यत चालू असते.

श्वास जलद झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, कधी बोटे वाकडी होतात. ते पाहून माणूस आणखी घाबरतो आणि आणखी जोरात श्वास घेतो. अशा झटक्याचा जोर बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासात ओसरतो. ही अर्धी घटका मरणाची वाटते, पण या झटक्याने हृदय बंद पडत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी वैद्यकीय शिक्षण घेत होतो. पुढे मदतपथकाबरोबर त्या भागात गेलो. जखमा भरलेल्या माणसांनाही पहाटे चारच्या सुमारास दरदरून घाम फुटून जाग येई. पत्र्यावर मांजर धावले तरी लोक बाहेर पळत. धोका संपला हे त्यांना कळत होते, शरीराला कळत नव्हते. त्या लोकांना कोणी नाटकी म्हटले नाही. भूकंप सर्वांनी पाहिला होता. घरातल्या थोरल्या मुलाच्या डोक्यातला भूकंप कोणाला दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

तरीही सगळी धडधड काळजीची, असे घरबसल्या ठरवू नये. पहिल्यांदा त्रास झाला की डॉक्टरांना दाखवावेच. रक्त कमी असणे, थायरॉइड वाढणे, साखर खाली जाणे यांतही धडधडते. म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि एक ईसीजी एवढे पाहावे. चालताना किंवा जिना चढताना छाती आवळून येत असेल, दुखणे जबड्याकडे वा डाव्या हाताकडे जात असेल, थांबल्यावर कमी होत असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, तंबाखू-गुटख्याची सवय असेल किंवा घरात तरुण वयात हृदयविकाराने कोणी गेले असेल, तर वय कमी म्हणून दुर्लक्ष करू नये. बसल्या जागी एका बोटाने दाखवता येणारी टोचणी, जी शेतात काम करताना विसरायला होते, ती बहुधा हृदयाची नसते. या मुलाच्या बाबतीत तपासण्या पुरेशा झाल्या होत्या. चौथ्या ईसीजीने पहिल्या तिघांपेक्षा वेगळे काही सांगितले नसते. एकर वाचला.

लिहिणाऱ्या मुलांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपल्या भागात ती बरीच आहेत. लेखकाने जागरण केलेच पाहिजे, चहा-सिगारेटवर जगलेच पाहिजे, अशी एक समजूत आहे. मला ती खुळचट वाटते. परभणीचे बी. रघुनाथ निजामाच्या राजवटीत बांधकाम खात्यात कारकुनी करीत होते. प्रपंच आणि कचेरी सांभाळून त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५३ साली अवघ्या चाळीसाव्या वर्षी ते गेले. काळजीने गेले, असे मी डॉक्टर म्हणून म्हणणार नाही. पण मराठवाड्यात लेखणी आणि पगारपत्रक एकाच टेबलावर असते, ही गोष्ट जुनी आहे एवढे नक्की. आमच्या रुग्णाला मी हे सांगितले तेव्हा तो प्रथमच नीट बसला. नोकरी शोधणे म्हणजे लेखनाशी गद्दारी, असे काहीतरी त्याच्या मनात होते.

उपाय साधे होते, सोपे नव्हते. अभ्यासिकेत दिवसाला नऊ चहा होत. ते दोनवर आणले, तेही दुपारी तीनच्या आत. चहातले कॅफिन निम्मे उतरायलाच चार-पाच तास लागतात. उठण्याची वेळ पक्की केली, झोप येवो न येवो. मोबाइल दुसऱ्या खोलीत. रोज अर्धा तास घाम येईल असे चालणे, म्हणजे अंगात साठलेल्या अ‍ॅड्रिनलिनला काहीतरी काम मिळते. आणि एक वेगळी वही. कथेची नव्हे, काळजीची. संध्याकाळी सहाला वीस मिनिटे बसून डोक्यातले सगळे लिहायचे, आकड्यांसकट. रात्री दोनला तीच काळजी आली तर ‘उद्या सहाला’ म्हणायचे. ऐकायला पोरकट वाटते, पण तीन-चार आठवडे नेमाने केले तर बऱ्याच जणांना उपयोग होतो.

पुढच्या खेपेला त्याने वही आणली. अकरा ओळी. त्यांतल्या चार त्याच्या हातातल्या होत्या, बाकी पाऊस, सोयाबीनचा भाव आणि परीक्षेची तारीख. एक ओळ पीककर्ज फेडण्याची होती. मी ती वडिलांना वाचून दाखवली, अर्थात त्याला विचारून. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘म्या कवा म्हणलो रे तुला, कर्ज तू फेड म्हणून?’ कोणीच म्हटले नव्हते. थोरल्या मुलांना अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, ती स्वतःच उचलतात. औषधापेक्षा त्या एका प्रश्नाचा गुण मोठा आला, असे माझे मत आहे.

औषध मात्र बंद करावे लागले, तेही हळूहळू. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये येतात. चिठ्ठीशिवाय विकणे आणि घेणे दोन्ही चूक. काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय लागते. एकदम सोडल्या तर धडधड दुप्पट होते, क्वचित झटकेही येतात. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावी. मानसोपचारतज्ज्ञ काळजीवर दुसऱ्या प्रकारची औषधे देतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि त्यांची नशा लागत नाही. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून मनानेही थांबवू नयेत.

मुलगा बोलायचा बंद झाला, आवडती कामे सोडली, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे म्हणू लागला, तर घरच्यांनी सरळ विचारावे, ‘जगणं नको वाटतं का रे?’ विचारल्याने मनात नसलेला विचार येतो, ही भीती खोटी आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे घरातून हलवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते.

तपासणीत हृदय ठीक असल्याचे कळलेल्या माणसाला असा झटका आला तर भोवती गर्दी करू नये. टेकून बसवावे. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, पोट हलले पाहिजे; कोणीतरी सोबत मोजावे. पूर्वी कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगत. आता सांगत नाहीत, कारण त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर प्राणवायू कमी पडतो. कांदा हुंगवणे, तोंडावर चापट मारणे, जबरदस्तीने पाणी पाजणे हेही टाळावे. अर्ध्या तासात उतरले नाही, किंवा दुखणे नेहमीपेक्षा निराळे वाटले, तर गाडी काढून जवळचा दवाखाना गाठावा.