दार कोणी लावलं?

मी अठरा वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. हे आधीच सांगते, कारण ऐकणारा प्रत्येक जण ‘शिकलेली असून?’ म्हणतो. लिफ्टची भीती घालवायला संमोहनवाल्याकडे गेले, यात भोळेपणा कसला? त्याच्या भिंतीवर जेम्स एस्डेलची महती टांगलेली: हुगळी, १८४५, क्लोरोफॉर्म येण्याआधी संमोहनाखाली केलेल्या शस्त्रक्रिया. खोटं नाही ते. पण एस्डेलनं वेदना बधिर केल्या, आठवणी उकरल्या नाहीत. मला हे तेव्हा कुठलं सुचायला!

तिसऱ्या बैठकीत मला ‘दिसलं’. मी पाच वर्षांची, माळ्यावर अंधार, बाहेरून कडी, आणि ती लावणारे काका. त्या दिवाळीत, भरल्या पंगतीत, मी काकांना जाब विचारला.

फेब्रुवारीत बैठकीचं रेकॉर्डिंग ऐकलं. (त्याला विचारूनच केलेलं, तेवढी अक्कल शाबूत होती.) मी नुसतं म्हणते, ‘अंधार आहे.’ मग त्याचा मधाळ आवाज: ‘दार कोणी लावलं? घरातलंच कोणी? काका?’ बराच वेळ काहीच नाही. मग माझा ‘हो’. तीनदा मागे नेऊन ऐकलं. काका त्याचे. दारसुद्धा त्याचंच.

फोन केला तर म्हणतो, ‘तुमचं अंतर्मन नाकारतंय.’ म्हणजे हो म्हटलं तरी खरं, नाही म्हटलं तरी खरं! दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेतलेले, ते बुडाले.

१७८४ साली फ्रान्सच्या राजानं मेस्मरपंथी चुंबकशक्तीची, म्हणजे संमोहनाच्याच पूर्वजाची, चौकशी करायला समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिनच्या बागेत एका झाडात ‘शक्ती’ भरली आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या पोराला झाडाझाडापाशी नेलं. पोरगं भलत्याच झाडाशी बेशुद्ध पडलं. आता वाचताना त्या पोराच्या जागी मीच दिसते.

संमोहन थोतांड नाही. वेदनांवर, आयबीएससारख्या पोटाच्या चिवट दुखण्यावर त्याचा उपयोग होतो. जायचंच तर मनोविकारतज्ज्ञाकडे जा, नाहीतर नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. आगाऊ पैसे देऊ नका. घरच्यांशी बोला, वगैरे. पण रेकॉर्डिंग कराच, आणि दुसऱ्या दिवशी ऐका, नाव पहिल्यांदा कोणाच्या तोंडून आलं. तंद्रीत सापडलेल्या आठवणीला बाहेरचा दुजोरा मिळेपर्यंत कोणाच्या दारात जाऊ नका.

काकांची माफी मागितली. ‘जाऊ दे गं,’ म्हणाले. काकू अजून माझा फोन घेत नाहीत.