मार्कडाउनच्या खुणा आणि गिटची नजर

मार्कडाउनमधला मजकूर गिटमध्ये ठेवणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं, की सजवलेल्या प्रिव्ह्यूवर भिस्त ठेवू नका. गिट ओळी बघतं, त्यांचा अर्थ बघत नाही, आणि ज्या खुणांवर मार्कडाउनचा अर्थ उभा असतो त्यांतल्या काही गिटला कचरा वाटतात. ओळीअखेर दोन स्पेस दिल्या की मार्कडाउनमध्ये ओळ तिथेच तुटते; जॉन ग्रूबरच्या २००४ मधल्या मूळ नियमांतलीच ही सोय. गिटच्या लेखी मात्र ओळीअखेरच्या स्पेस म्हणजे चूक. डिफमध्ये त्या ठळक रंगवून दाखवल्या जातात, आणि पॅच लावताना कुणी व्हाइटस्पेस ‘फिक्स’ करायला सांगितलं तर पॅचमधल्या नव्या ओळींतून त्या निघूनही जातात. मग चार ओळींचा पत्ता किंवा कवितेचं कडवं एका सलग परिच्छेदात गोळा होतं. कोड बिघडला तर निदान टेस्ट तरी फेल होते. मजकूर बिघडला तर कुणालाच पत्ता लागत नाही.

कमिटच्या संदेशात हीच गत हॅशची होते. एडिटर उघडून संदेश लिहिला की हॅशने सुरू होणारी प्रत्येक ओळ गिट टिप्पणी समजून काढून टाकतं. मार्कडाउनचं शीर्षक जातं, ओळीच्या आरंभी लिहिलेला इश्यू नंबरही जातो. कमांडमध्येच दिलेला संदेश शाबूत राहतो, त्यामुळे माणूस गाफील राहतो. पुढे अमेंड करताना तोच संदेश एडिटरमध्ये उघडून सेव्ह केला की ती ओळ गेलीच. टिप्पणीचं चिन्ह सेटिंगमध्ये बदलता येतं, पण ती सेटिंग ज्याच्या त्याच्या मशीनवर राहते. टीममध्ये म्हणूनच संदेशातली ओळ हॅशने सुरू न करणं बरं.

डॉट-गिटॲट्रिब्यूट्स ही फाइल मात्र रेपॉझिटरीबरोबरच फिरते, म्हणून माझा सगळा भर तिच्यावर आहे. मार्कडाउन फायलींपुरता ओळीअखेरच्या स्पेसचा नियम तिच्यात शिथिल करावा. शीर्षकाखाली नेमकी सात बरोबरची चिन्हं असली तर गिटची तपासणी त्यांना अर्धवट राहिलेल्या मर्ज कॉन्फ्लिक्टची खूण समजते. त्या खुणेची लांबी वाढवण्याची सोयही इथेच आहे. गिटने मजकुराच्या प्रकारात पडूच नये, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. पण या फाइलमधून आपण गिटला मार्कडाउन शिकवत नाही, कुठे हात आखडता घ्यायचा एवढंच सांगतो. दोन स्पेसऐवजी ओळीअखेर बॅकस्लॅश द्या, हा आक्षेप जास्त वजनाचा. कॉमनमार्कला तो चालतो आणि नवं लिखाण तसंच करावं. मात्र ग्रूबरच्या मूळ नियमांत ती सोय नाही, त्यामुळे जुन्या कन्व्हर्टरमध्ये बॅकस्लॅश तसाच छापला जातो.

याच फाइलमध्ये ‘मार्कडाउन’ हा डिफ ड्रायव्हर लावावा. २०२० पासून तो गिटमध्येच आहे, आणि बदल कोणत्या शीर्षकाखाली झाला ते दाखवतो. त्याला हॅशची शीर्षकं कळतात, अधोरेखित केलेली कळत नाहीत; शिवाय कोडच्या चौकटीतली शेल स्क्रिप्टची टिप्पणीही त्याला शीर्षकच वाटते. तेव्हा शीर्षकं हॅशनेच द्यावीत. आणि एका ओळीत एकच वाक्य लिहावं: छापताना मार्कडाउन त्या ओळी पुन्हा जोडून घेतं, आणि एक वेलांटी बदलली म्हणून डिफमध्ये अख्खा परिच्छेद लाल-हिरवा होत नाही.