बोर-मोर, ज्यूल-बूल : यमकात अडकलेली मोठी माणसं

यमक म्हटलं की शाळेतलं मराठी व्याकरण आठवतं. अनुप्रास, यमक, श्लेष... दोन मार्कांचा प्रश्न यायचा आणि आपण व्याख्या पाठ करून टाकायचो. इंजिनिअरिंगला आल्यावर तो विषय संपला असं बहुतेकांना वाटतं. पण गेली तीन वर्षं पुस्तकं चाळताना माझ्या लक्षात आलंय की यमक इथेही पानोपानी आहे. फक्त ते कवितेच्या ओळींत नाही, शास्त्रज्ञांच्या नावांत आहे. बोर आणि मोर, ज्यूल आणि बूल, डाल्टन आणि वॉल्टन, लेंझ आणि बेंझ! पीएलमध्ये रात्री दोन वाजता ही नावं डोक्यात फेर धरून नाचतात आणि ओरलला नेमकं चुकीचं नाव तोंडातून बाहेर पडतं. म्हणूनच या जोड्यांचा जरा नीट अभ्यास करावा म्हटलं.

जुनीच सवय

जुळणाऱ्या नावांची आवड आपल्याला फार जुनी आहे. पुराणं उघडून बघा. शुंभ-निशुंभ, चंड-मुंड, सुंद-उपसुंद, जय-विजय. गोष्टी तोंडी सांगितल्या जायच्या, लिहून ठेवायची सोय कमी. एक नाव आठवलं की दुसरं आपोआप यावं, ही यमकाची खरी सोय. चंड आणि मुंड यांना मारणारी देवी चामुंडा झाली. म्हणजे दोघांची नावं मिळून तिसरं नाव तयार झालं!

पण या सोयीची एक किंमत असते. 'ज्ञानोबा-तुकोबा' हे आपण एका श्वासात म्हणतो. ऐकणाऱ्या लहान मुलाला वाटतं की दोघं शेजारी शेजारी राहत असतील. प्रत्यक्षात ज्ञानेश्वरी १२९० सालची आणि तुकाराम महाराज सतराव्या शतकातले. मध्ये तीनशेहून जास्त वर्षं. यमकाने दोघांना जवळ आणलं हे चांगलंच झालं, पण मधला काळ गिळून टाकला. आपल्या अभ्यासात नेमकं हेच होतं.

बोर आणि मोर : वर्तुळाचा घोटाळा

आमच्या विंगमधल्या एका मित्राला ओरलला विचारलं, "प्रिन्सिपल स्ट्रेस ग्राफने कसा काढशील?" पठ्ठ्या आत्मविश्वासाने म्हणाला, "सर, बोर्स सर्कल!" एक्स्टर्नल हसले आणि म्हणाले, "मग त्यात इलेक्ट्रॉन कुठे ठेवणार?" विंगमध्ये तो अजून 'इलेक्ट्रॉन' याच नावाने ओळखला जातो.

पण त्याला फार हसू नका. नावं जुळतात आणि वर्तुळ दोघांकडेही आहे, त्यामुळे घोटाळा व्हायचाच. नील्स बोर हा डेन्मार्कचा पदार्थवैज्ञानिक, जन्म १८८५. त्याने १९१३ मध्ये हायड्रोजनच्या अणूची कल्पना मांडली. इलेक्ट्रॉन ठराविक वर्तुळाकार कक्षांतच फिरतो आणि कक्षा बदलताना ठराविक ऊर्जा घेतो किंवा सोडतो. १९२२ चं नोबेल त्याला मिळालं. ऑटो मोर त्याच्यापेक्षा ५० वर्षांनी मोठा, जन्म १८३५. हा जर्मन सिव्हिल इंजिनिअर. आधी रेल्वेच्या कामावर होता, नंतर प्राध्यापक झाला. त्याचं वर्तुळ १८८२ मधलं.

मुख्य फरक असा, की बोरचं वर्तुळ म्हणजे त्याच्या कल्पनेप्रमाणे इलेक्ट्रॉनचा खरा रस्ता होता. मोरचं वर्तुळ मात्र बीममध्ये कुठेच नसतं, ते फक्त ग्राफपेपरवर असतं. आडव्या अक्षावर नॉर्मल स्ट्रेस, उभ्या अक्षावर शिअर स्ट्रेस. बीममधल्या एकाच बिंदूतून वेगवेगळ्या कोनात कापलेली प्रतलं घेतली, तर प्रत्येक प्रतलासाठी त्या वर्तुळावर एक बिंदू मिळतो. प्रतल जितक्या कोनाने फिरेल, त्याच्या दुप्पट कोनाने वर्तुळावरचा बिंदू फिरतो. हे 'दुप्पट' विसरल्यामुळे किती जणांचे मार्क गेलेत, ते एसओएमच्या मॅडमना विचारा.

एक गणित करूनच टाकू. एका दिशेने स्ट्रेस ८० मेगापास्कल, काटकोनातल्या दिशेने २०, शिअर ४०. वर्तुळाचा केंद्रबिंदू म्हणजे ८० आणि २० ची सरासरी, ५०. फरकाचा निम्मा ३०. आता ३० आणि ४० च्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ५०, तीच त्रिज्या. म्हणून प्रिन्सिपल स्ट्रेस ५० अधिक ५० म्हणजे १००, आणि ५० वजा ५० म्हणजे शून्य. या प्रतलातला जास्तीत जास्त शिअर त्रिज्येएवढा, म्हणजे ५०. हे एकदा हाताने काढलं की मोर जन्मभर बोर होणार नाही!

ज्यूल आणि बूल : एकाच गावाशी नातं

मला सगळ्यांत आवडते ती ही जोडी. एक थर्मोचा, दुसरा डिजिटलचा. दोघांचा एकमेकांशी काय संबंध? वरवर पाहता फक्त 'ऊल' या अक्षरांचा.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल १८१८ मध्ये मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डला जन्मला. घरचा बिअर बनवण्याचा कारखाना. विद्यापीठात तो कधी शिकला नाही, घरीच शिकवणी झाली आणि मग काही काळ मँचेस्टरमध्ये जॉन डाल्टनकडे. तारेतून वीज गेली की उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात तयार होते, हे त्याने दाखवलं. मग वजनं खाली सोडून त्यांच्या जोरावर पाण्यात वल्ह्यांसारखी चक्रं फिरवली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. तापमानातला फरक अगदी किरकोळ असायचा, पण ज्यूल मापनाचा पक्का माणूस. उष्णता म्हणजे कुठलाही अदृश्य द्रव नाही, ते काम आणि ऊर्जेचंच रूप आहे, हे त्यातून सिद्ध झालं. आज आपण सहज लिहून जातो की १ कॅलरी म्हणजे ४.१८ ज्यूल. त्या आकड्यामागे अनेक वर्षांचं पाणी ढवळणं आहे.

जॉर्ज बूल १८१५ चा, लिंकन गावच्या चांभाराचा मुलगा. त्यालाही विद्यापीठ लाभलं नाही. घरची परिस्थिती बिकट, म्हणून सोळाव्या वर्षीच शाळेत मास्तर झाला. लॅटिन, ग्रीक आणि वरचं गणित स्वतःच शिकला. १८५४ च्या पुस्तकात त्याने विचारांचं बीजगणित मांडलं. त्याच्या बीजगणितात 'क्ष'चा वर्ग म्हणजे 'क्ष'च. विचार करा, अशी संख्या कोणती? फक्त ० आणि १. पुढे १९३७ मध्ये एमआयटीत क्लॉड शॅनन नावाच्या एका विद्यार्थ्याने आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवलं की रिलेच्या सर्किटला हेच गणित लागू पडतं. तिथून पुढचं आपल्याला माहीत आहे. आपण के-मॅप सोडवतो ते या चांभाराच्या पोराच्या जिवावर.

आता गंमत बघा. ऑगस्ट १८४३ मध्ये ज्यूलने आपला उष्णता आणि कामाचा निष्कर्ष एका वैज्ञानिक सभेत वाचला. कुणी फारशी दखल घेतली नाही, सभा गप्पच राहिली. ती सभा आयर्लंडमधल्या कॉर्क गावी भरली होती. बूलला १८४९ मध्ये गणिताचा प्राध्यापक म्हणून नेमलं, तेही कॉर्कच्याच कॉलेजात! पदवी नसलेला माणूस थेट प्राध्यापक. १८६४ च्या हिवाळ्यात तो पावसात भिजत कॉलेजला चालत गेला, ओल्या कपड्यांत लेक्चर घेतलं, आजारी पडला आणि वयाच्या ४९ व्या वर्षी गेला. त्याची बायको मेरी एव्हरेस्ट. भारताच्या सर्व्हेचे जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचं नाव शिखराला दिलं, त्यांची ती पुतणी.

डाल्टन-वॉल्टन आणि लेंझ-बेंझ

ज्यूलला शिकवणारा डाल्टन विणकराचा मुलगा. पदार्थ अणूंचा बनलेला आहे आणि अणू फोडता येत नाही, असं त्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. त्याला काही रंग नीट दिसत नसत आणि त्यावर त्याने स्वतःच निबंध वाचला होता. अर्नेस्ट वॉल्टन आयर्लंडचा, जन्म १९०३. त्याने आणि जॉन कॉकक्रॉफ्टने १९३२ मध्ये केंब्रिजला वेगवान प्रोटॉन लिथियमवर आदळवून त्याचं केंद्रक फोडलं. दोघांना १९५१ चं नोबेल मिळालं. त्यांनी उच्च व्होल्टेजसाठी वापरलेलं मल्टिप्लायर सर्किट ईअँडटीसीच्या पोरांना ओळखीचं असेल. म्हणजे काय, तर डाल्टन म्हणाला फुटत नाही आणि वॉल्टनने फोडून दाखवलं!

लेंझ-बेंझ तर याहून सोपं. एमिल लेंझचा नियम १८३४ चा. प्रेरित प्रवाह नेहमी ज्या बदलामुळे तयार झाला त्या बदलालाच विरोध करतो. कार्ल बेंझने १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट घेतलं. लेंझ अडवतो, बेंझ पळवतो. एडी करंट ब्रेक ज्या गाडीत आहे, तिथे तर दोघंही एकत्र नांदतात.

डोक्यात गोंधळ का होतो?

यामागे शास्त्र आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आर. कॉनराड यांनी १९६४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना इंग्रजी अक्षरं डोळ्यांनी दाखवली आणि लगेच लिहायला सांगितली. चुका बघितल्या तर त्या दिसण्याच्या नव्हत्या, ऐकण्याच्या होत्या. 'व्ही'च्या जागी लोक 'बी' किंवा 'पी' लिहीत होते, दिसायला सारखं असलेलं अक्षर नाही. म्हणजे आपण वाचलेलं लगेच मनातल्या मनात बोलतो आणि थोड्या वेळासाठी आवाजाच्या रूपात साठवतो.

पुढे १९६६ मध्ये ॲलन बॅडली यांनी शब्दांवर प्रयोग केले. मॅन, कॅप, कॅन असे जुळत्या आवाजाचे शब्द लगेच क्रमाने सांगताना लोक फार अडखळले. बिग, लार्ज, वाइड असे जुळत्या अर्थाचे शब्द त्यांना तितके जड गेले नाहीत. जास्त वेळाच्या आठवणीत मात्र उलटं झालं. तिथे अर्थाचा सारखेपणा गोंधळ घालू लागला. यातून मी घेतलेला धडा असा : रात्रभर घोकलेलं आवाजावर टिकतं आणि पुढच्या सेमिस्टरला लागतं ते अर्थावर टिकतं.

वैमानिकांनी हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला. रेडिओवर बी, सी, डी, ई, पी, टी सगळं सारखंच ऐकू येतं आणि तिथे चूक म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून १९५६ पासून अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही शब्दमाला जगभर लागू झाली. आपणही फोनवर "पी फॉर पुणे" म्हणतो, ते याच कारणासाठी.

नाव पुसलं जातं तेव्हा

गोंधळाची किंमत दोन मार्क एवढीच असती तर मी हा लेख लिहिला नसता. हेंड्रिक लोरेंट्झ हा डच शास्त्रज्ञ, १९०२ च्या नोबेलचा मानकरी. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या प्रभारावरचं बल त्याच्या नावाने ओळखलं जातं. लुडविग लोरेंझ हा डेन्मार्कचा, त्याच्यापेक्षा २४ वर्षांनी मोठा. विद्युतचुंबकीय पोटेन्शियलसाठी वापरली जाणारी एक प्रसिद्ध अट या लोरेंझने १८६७ मध्ये वापरली होती. पण कानाला दोन्ही नावं जवळजवळ एकच, आणि लोरेंट्झ जास्त प्रसिद्ध. झालं! कित्येक पुस्तकांत ती अट 'ट्झ'वाल्याच्या नावावर छापली गेली. एका 'ट'ने एका माणसाचं काम खाऊन टाकलं. यमक पूर्ण जुळलं की दोघांतला एक गायब होतो, तो असा.

मग करायचं काय?

मी वापरतो ती पद्धत सांगतो. एक, जोडी मोठ्याने म्हणा, यमकाचा फायदा घ्या. दोन, लगेच दोघांतला फरक एका वाक्यात बांधा. 'लेंझ अडवतो, बेंझ पळवतो' असं. तीन, प्रत्येकाला त्याची एक वस्तू द्या. मोरला ग्राफपेपर, बोरला इलेक्ट्रॉन, ज्यूलला पाण्याचं भांडं, बूलला ० आणि १. चार, शक्य असेल तर माणूस कोण होता ते दोन ओळी वाचा. चांभाराचा मुलगा, विणकराचा मुलगा, भिजून लेक्चर घेणारा मास्तर, हे एकदा कळलं की ते नाव दुसऱ्या कुणाचं होऊच शकत नाही.

सर आणि मॅडमना एक विनंती. फॉर्म्युला फळ्यावर लिहिताना त्याच्या धन्याला दोन मिनिटं द्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या आमच्यासारख्यांना ही नावं आधी देवनागरीत भेटतात, मग इंग्रजीत, आणि दोन्हीकडे नुसता आवाजच हाती लागतो. तो आवाज कुणा माणसाचा आहे हे वर्गात कळलं तर बरं.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी होमवर्क. बर्नुली आणि टॉरिचेली ही जोडी घ्या. दोघंही फ्लुइडमधले. इथे फरकापेक्षा नातं शोधा. टाकीच्या भोकातून बाहेर येणाऱ्या पाण्याच्या वेगाचं टॉरिचेलीचं सूत्र बर्नुलीच्या समीकरणातून दोन ओळींत निघतं. काढून बघा, आणि सापडलं की मेसमध्ये शेजारी बसलेल्याला समजावून सांगा. त्याला कळलं तर तुम्हालाही कळलं असं समजा.