एथिकल हॅकिंगचा क्लास लावताय? आधी व्हाउचरचं विचारा

सोलापुरात कुठल्याही क्लासला फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: ईसी-काउन्सिलच्या सीईएच (सर्टिफाइड एथिकल हॅकर) परीक्षेचं व्हाउचर यात धरलंय का? 'सीईएचवर आधारित कोर्स' असं गुळमुळीत उत्तर आलं, तर शेवटी हातात पडेल ते क्लासचंच प्रमाणपत्र. मुलाखतीत त्याला फारसं कोणी विचारत नाही.

व्हाउचरचा मूळ दर ९५० डॉलरपासून, म्हणजे जवळपास ऐंशी हजार किंवा त्याहून जास्त. अधिकृत प्रशिक्षण न घेता थेट परीक्षेला बसायचं तर दोन वर्षांचा अनुभव दाखवा आणि १०० डॉलर अर्जशुल्क भरा. ते परत मिळत नाही. पास झाल्यावर वर्षाला ८० डॉलर वेगळे. क्लासची फी जीएसटी धरून आहे की वर १८ टक्के, तेही आधीच विचारा. 'पावती नको असेल तर कमी करू' म्हणाले, तर उठून या.

एवढं करून मिळतं काय? जाहिरातींत सीईएचचं नाव असतं, त्यामुळे अर्ज चाळणीतून पुढे सरकतो. मुलाखतीत मात्र नेटवर्किंग आणि लिनक्स विचारतात. पहिली नोकरी बहुधा हॅकिंगची नसतेच. पुण्यात रात्रपाळीला बसून अलर्ट तपासायची असते.

म्हणून आधी स्वस्तात चाचपून पाहा. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा १२ आठवड्यांचा एथिकल हॅकिंग कोर्स आहे. शिकणं फुकट, परीक्षा १,००० रुपये. पोर्टस्विगरच्या वेब सुरक्षेच्या लॅबही फुकट. गोडी टिकली तर कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस ही परीक्षा: ९० मिनिटं, अनुभवाची सक्ती नाही, मूळ दर सीईएचच्या निम्म्याहून कमी. ती घरूनही देता येते, पण इन्व्हर्टर असेल तरच. नोंदणीतलं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळवा. वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, एवढ्यावरही अडवतात.

इंजिनिअर असाल तर सी-डॅकचा सायबर सुरक्षेतला सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा पाहा. प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून. पुण्यात करणार असाल तर तिथलं राहणं-खाणं हिशेबात धरा.

क्लासवाल्यांचे 'सोपे हप्ते' म्हणजे बऱ्याचदा फायनान्स कंपनीचं कर्ज. क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. 'नोकरीची हमी' आणि फी परतीची अट लेखी घ्या. फसवलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

आणि सराव शेजाऱ्याच्या वायफायवर करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.